ओमोरी पहिल्यांदा खेळताय? मग आधी घाई सोडा

ओमोरी घ्यायचा म्हटलं की दोन टाईपचे लोक भेटतात. एक म्हणतो काही म्हणजे काहीच वाचू नको, डोळे झाकून सुरू कर. दुसरा पहिल्या पाच मिनिटांत शेवट सांगून मोकळा होतो आणि वर विचारतो, अरे तुला माहीत नव्हतं? दोघांच्याही नादी लागू नका. शेवट माहीत नसावा हे खरंच, पण काहीच माहीत नसताना या गेममध्ये उडी मारणं पण बरोबर नाही, कारण हा गेम दिसतो एक आणि आहे भलताच. म्हणून इथे कथेतली मोठी गुपितं सांगत नाहीये, फक्त कसा खेळायचा, कुठे थांबायचं, फाईटमध्ये काय करायचं आणि सेव्ह कुठे वेगळी ठेवायची एवढंच.

थोडी माहिती आधी. ओमोकॅट या नावाने काम करणाऱ्या आर्टिस्टचा आणि तिच्या छोट्या टीमचा हा गेम. २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साईटवर दोन लाख डॉलरच्या वर पैसे जमले, आणि मग लोक वाट बघत बसले, बघत बसले, शेवटी २५ डिसेंबर २०२० ला पीसीवर आला. जून २०२२ मध्ये स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पण आला. आरपीजी मेकर या सॉफ्टवेअरवर बनलाय (आरपीजी म्हणजे पात्रांची टीम घेऊन फिरायचं, लढायचं, लेव्हल वाढवायची असले गेम), त्यामुळे तगडा कॉम्प्युटर वगैरे काही लागत नाही, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. पिक्सेलवाले छोटे छोटे पोरं-पोरी, पेन्सिलने रंगवल्यासारखी फाईटची चित्रं, गुलाबी-जांभळं जग, बोलणारे प्राणी. स्क्रीनशॉट बघून वाटतं लहान मुलांचा आहे. नाहीये.

गेम चालू केल्यावर सुरुवातीलाच इशारा येतो की यात डिप्रेशन, अँग्झायटी आणि आत्महत्या हे विषय आहेत. आपल्याला सवय असते असले स्क्रीन धडाधड बटण दाबून उडवायची, तसं इथे करू नका, तो इशारा उगाच टाकलेला नाही. मी अजून स्पष्ट सांगतो कारण हे सांगितल्याने मजा जात नाही: स्वतःला इजा करण्याचं दृश्य अगदी सुरुवातीच्या भागातच आहे आणि तिथे बटण तुम्हालाच दाबायला लागतं. जवळचं माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्यांचं काय होतं, हा तर गेमचा कणाच आहे. अचानक दचकवणाऱ्या जागा आहेत, आणि काही ठिकाणी स्क्रीन जोरात झगमगते, सो ज्यांना अशा लाईटचा त्रास होतो त्यांनी जपून.

मग खेळायचा की नाही? माझं मत सांगतो. तुम्ही सध्या नॉर्मल असाल, म्हणजे रोजचं खाणं-झोपणं ठीक चाललंय, तर बिनधास्त खेळा. पण सध्याच घरात कोणी गेलंय, किंवा स्वतःला संपवायचे विचार येतायत, किंवा रात्र रात्र झोप नाही, तर आत्ता नको. गेम कुठे पळून जात नाही, सहा महिन्यांनी पण तोच राहणार. आणि असले विचार येत असतील तर आधी कोणाशी तरी बोला, घरातलं कोणी, मित्र, डॉक्टर, काऊन्सेलर, कोणीही. काही लोक सांगत फिरतात की ओमोरीने माझं डिप्रेशन बरं केलं, त्यांना वाटलं असेल तसं, छान आहे, पण गेम म्हणजे ट्रीटमेंट नव्हे आणि तो तसा दावा पण करत नाही.

आता खेळायला बसू.

पहिली गोष्ट, हेडफोन लावा. या गेममध्ये म्युझिकचं काम अर्धं आहे, शंभराच्या वर ट्रॅक आहेत, आणि कुठे म्युझिक अचानक थांबतं किंवा सूर जरासा बिघडतो त्यावरून कळतं की काहीतरी गडबड आहे. स्पीकरवर, मागे टीव्ही चालू, एका हाताने मोबाईल, असं खेळायचं असेल तर दुसरा कुठलाही गेम घ्या. दुसरी गोष्ट, वेळ. मेन कथा साधारण वीसेक तासांची आहे, इकडेतिकडे फिरत खेळलात तर अजून जास्त. एका वीकेंडला उरकून टाकू असा प्लॅन करू नका. एका बैठकीला दोन तास बास. हे मी डोळ्यांच्या काळजीने नाही म्हणत, या गेमला मध्ये गॅप लागतो, आज बघितलेलं उद्या डोक्यात फिरत असतं आणि परवा कुठलीतरी छोटी वस्तू बघून कनेक्शन लागतं. सलग खेळणाऱ्यांना ते लागतच नाही, त्यांना शेवटी फक्त धक्का बसतो.

सुरुवात होते व्हाइट स्पेसमध्ये. आपण ज्याला चालवतो त्या मुलाचं नाव पण ओमोरीच. पांढरी रिकामी जागा, एक काळा बल्ब लटकतोय, लॅपटॉप, टिश्यूचा डबा, चित्रांची वही, मांजर आणि एक दार. लोक इथे दहा सेकंदात दारातून बाहेर जातात. तसं करू नका, प्रत्येक वस्तूला जाऊन हात लावा, वहीतली चित्रं सगळी बघा, लॅपटॉपवरची डायरी वाचा. गेम पुढे इथे परत परत आणतो आणि तेव्हा त्या वस्तूंकडे बघायची नजर बदललेली असते, पण आधी बघितलंच नसेल तर बदलणार काय.

दारातून गेलं की मित्र भेटतात. ऑब्री, केल, हीरो, हीरो हा केलचा मोठा भाऊ, मग मारी आणि बेसिल. बेसिलकडे फोटोंचा अल्बम आहे. तो अल्बम उघडला की एकेक फोटो थांबून बघा आणि खाली लिहिलेलं वाचा. कंटाळा येईल, वाटेल अरे फाईट कधी येणार. पण पूर्ण गेममध्ये मी एकच जागा सांगू शकतो जिथे स्किप केलं तर खरंच नुकसान आहे, ती ही.

या गुलाबी-जांभळ्या जगाला हेडस्पेस म्हणतात, आणि गेमचा बराचसा भाग इथेच जातो. झाडाच्या बुंध्यातून रस्ता, जंगल, खेळायचं मैदान, शिडी चढून वर गेलं की अदरवर्ल्ड, पुढे स्वीटहार्टचा किल्ला, आणि मग समुद्राखालचा भाग. इथे शत्रू समोर चालताना दिसतात, अचानक अंगावर येत नाहीत, त्यामुळे मूड नसेल तर बाजूने सटकता येतं. पण सगळ्यांनाच टाळत गेलात तर लेव्हल मागे पडते आणि मग बॉसकडे, म्हणजे मोठ्या शत्रूंकडे, मार खावा लागतो. माझं गणित सोपं आहे, नवीन जागेत गेलं की तिथल्या प्रत्येक प्रकारच्या शत्रूशी दोन-तीनदा लढायचं, मग सरळ पुढे. लेव्हल वाढवायला वेगळं ग्राइंड, म्हणजे त्याच त्याच फाईट करत बसायची गरज पडत नाही.

कलिंगडं दिसली की फोडायची, त्यात सामान असतं. मारीची पिकनिकची चादर दिसली की जाऊन सेव्ह करायचं, तिथे तब्येत पण भरून मिळते. आणि सेव्ह झालं की लगेच पळू नका, मारीशी बोला, सगळ्यांची आपसातली छोटी छोटी बोलणी तिथे होतात. फिरताना पुढे कोण चालणार ते बदलता येतं आणि त्याचा उपयोग आहे: ऑब्री अडथळे फोडते, केल लांबच्या गोष्टीवर बॉल मारतो, हीरो गोड बोलून काम काढतो, ओमोरीची सुरी काही गोष्टी कापायला लागते. कुठे रस्ता अडला की लगेच वॉकथ्रू, म्हणजे पायरी-पायरीने सांगणारा गाईड, उघडण्याऐवजी आधी चौघांना एकेक करून पुढे आणून बघा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. फिरताना अक्षरं असलेल्या काळ्या चाव्या पण सापडतील, हँगमॅनच्या खेळासारखं शब्द भरत जातात. मिळतील तेवढ्या घेत चला. शब्द काय होतोय ते नेटवर शोधू नका, तिथे शब्दासोबत बाकीचं पण सगळं वाढून ठेवलेलं असतं.

आता फाईट. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मे लोक पहिल्या मोठ्या बॉसला अडकतात आणि म्हणतात गेम अवघड आहे. अवघड नाहीये, फक्त नेहमीच्या आरपीजीसारखा खेळला तर अवघड आहे.

इथे आग-पाणी-वीज असलं काही नाही. इथे भावना आहेत. आनंदी, दुःखी, रागावलेला. दगड-कागद-कात्रीसारखं आहे: आनंद रागावर भारी, राग दुःखावर भारी, दुःख आनंदावर भारी. एवढं पाठ करा, कागदावर लिहून स्क्रीनच्या बाजूला चिकटवा हवं तर. तुमची भावना समोरच्यावर भारी असेल तर तुमचा मार जास्त बसतो आणि त्याचा कमी लागतो, उलट असेल तर उलट.

त्याशिवाय प्रत्येक भावनेचा स्वतःचा फायदा-तोटा आहे. रागात अटॅक वाढतो पण डिफेन्स पडतो. दुःखात डिफेन्स वाढतो, स्पीड कमी होतो, आणि लागलेल्या मारातला काही भाग हार्टऐवजी ज्यूसमधून जातो. हार्ट म्हणजे जीव आणि ज्यूस म्हणजे स्किल वापरायची ताकद. आनंदात स्पीड आणि लक वाढतं, म्हणजे क्रिटिकल, जादा जोराचे वार, जास्त बसतात, पण नेम चुकायला लागतो. तीच भावना परत दिली की ती वाढते, दुसऱ्या पायरीवर जाते. तिसरी पायरी पण आहे, पण आपल्या चौघांत ती फक्त ओमोरीलाच जमते, बाकीचे दुसऱ्यावर थांबतात. हे असं का, ते गेम सांगत नाही. खेळता खेळता तुम्हालाच वाटायला लागेल काहीतरी.

भावना कशा द्यायच्या? ओमोरीची दुःखी कविता कोणालाही दुःखी करते, ऑब्रीची पेप टॉक आनंदी करते, केल तर काय, त्रास देऊन कोणालाही रागावून सोडतो. आणि महत्त्वाचं म्हणजे हे मित्रावर पण चालतं आणि शत्रूवर पण. नवीन लोक फक्त स्वतःच्या टीमवर वापरतात. शत्रूवर वापरा ना. ओमोरीने शत्रूला दुःखी करायचं, केलने ऑब्रीला चिडवायचं, मग रागावलेली ऑब्री दुःखी शत्रूवर सोडायची. अटॅक पण वाढलेला आणि वरून भावनेचा फायदा. सुरुवातीच्या कितीतरी फाईट या एका जुगाडावर निघतात. फक्त रागावलेल्या ऑब्रीचा डिफेन्स पडलेला असतो हे लक्षात ठेवून हीरोला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगा, हीरो म्हणजे आपला डॉक्टर, त्याच्या कूक स्किलने हार्ट भरतं आणि मसाज दिला की चढलेली भावना उतरते.

मोठे बॉस मात्र स्वतःच्या एका भावनेला धरून बसतात. स्पेस एक्स-बॉयफ्रेंड नावाचा पहिला मोठा बॉस आहे, ब्रेकअप झालेला, तो मार खाईल तसा जास्त जास्त रागावत जातो. मग त्याच्यासमोर रागाची टीम नेऊन काय उपयोग, तिथे सगळ्यांना आनंदी करायचं. उलट स्वीटहार्ट स्वतःवरच खूष, ती आनंदात वर वर चढत जाते, तिथे टीम दुःखी पाहिजे. एकेकाला भावना द्यायला टर्न जातात म्हणून खेळणी जवळ ठेवा: कॉन्फेटी सगळ्यांना आनंदी करते, पावसाचा ढग सगळ्यांना दुःखी, एअर हॉर्न सगळ्यांना रागावून सोडतो. बॅगेत सामान दोन प्रकारचं असतं, खाऊ आणि खेळणी, आणि खेळणी लोक शेवटपर्यंत जपून ठेवतात, नको तेवढी. वापरा, बॉससाठीच असतात ती.

फॉलो-अप ही दुसरी गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही. साधा अटॅक केला, स्किल नाही, साधा अटॅक, की त्यानंतर स्क्रीनवर बाण येतात आणि तेव्हा दाबलं तर मित्राबरोबर जोडीचा वार होतो. त्याला तीन एनर्जी लागते. एनर्जी टीमला मार बसला की वाढते, जास्तीत जास्त दहा. दहा भरली की ओमोरीच्या अटॅकनंतर चौघांचा मिळून एक मोठा वार करता येतो. लोक सारखे स्किल वापरतात आणि ज्यूस संपला की रडतात. लांब फाईटमध्ये एकाने-दोघांनी साधे अटॅक करत राहायचं, हीरोचा अटॅक झाला की त्याच्या फॉलो-अपने दुसऱ्याला हाक मारता येते, केल बॉल पास करतो, ऑब्री कोणाकडे तरी बघते. कोणाकडे बघितल्यावर काय होतं ते स्वतः करून बघा, तिच्या आणि केलच्या भांडणाचं सगळं त्यात आलंय.

अजून दोन-चार फुटकळ गोष्टी. एका वेळी प्रत्येकाला चारच स्किल लावता येतात, मेनूत जाऊन बदलत राहा, सुरुवातीचे चार शेवटपर्यंत ठेवू नका. प्रत्येकाला एक हत्यार आणि एक चार्म, म्हणजे अंगावर घालायची फायद्याची वस्तू, लागतो, नवीन चार्म मिळाला की आधी वाचा, कुठला फाईट सुरू होतानाच भावना देतो. मित्र पडला की त्याचा टोस्ट होतो, हो खरंच ब्रेडचा टोस्ट, आणि लाईफ जॅमने परत येतो, सो जॅम नेहमी जवळ पाहिजे. ओमोरी पडला तर मात्र फाईट संपली, पण तो फाईटमध्ये एकदा शेवटच्या एका हार्टवर टिकून राहतो. तो टिकला की लगेच त्याला सावरा, परत टिकणार नाही.

हेडस्पेसच्या मध्यावर गेम रेंगाळतो. खोटं कशाला बोलू, किल्ल्याचा भाग लांबलाय आणि शार्कच्या मालकीचं ते लास्ट रिसॉर्ट तर अजूनच. बरेच लोक इथेच सोडून देतात, म्हणतात कथा कुठेय, आम्ही रडायला आलो होतो आणि इथे कामं करत बसलोय. पण थोडं थांबून बघा की नक्की काय चाललंय. एक मुलगा आहे, त्याला काहीतरी बघायचं नाहीये, आणि त्याच्याभोवतीचं जग त्याला एकामागून एक मजेशीर कामं देत राहतं. हा हरवला त्याला शोध, तिला मदत कर, याचं पैशाचं बघ. मूळ काम काय होतं ते तुम्ही पण विसरता. माझ्या मते हा रेंगाळलेपणा मुद्दाम ठेवलाय, टाळाटाळ कशी असते ते गेम तुमच्याकडूनच करून घेतो. तरी कंटाळा आला तर आला, त्या दिवशी बंद करा. साईडची कामं सगळी केलीच पाहिजेत असं काही नाही, जी आवडतील ती करा. पण मेन कथेतलं बोलणं बटण दाबत उडवू नका.

आता दुसरी बाजू. हेडस्पेसच्या बाहेर एक खरं जग आहे, फारअवे नावाचं गाव, तिथे सनी नावाचा मुलगा राहतो, तो बरीच वर्षं घराबाहेर पडलेला नाही आणि तीन दिवसांत घर सोडून दुसरीकडे राहायला जाणार आहे. नाव टाकायला विचारलं तर सनीच ठेवा, स्वतःचं नाव टाकायचा मोह होतो पण या गेममध्ये नको, थोडं अंतर राहिलेलं बरं असतं.

दारावर टकटक होईल, केल आलेला असेल. दार उघडायचं की नाही हा चॉईस खरा आहे, शोभेचा नाही. त्यावरून कथा दोन रस्त्यांना जाते. पहिल्या वेळी दार उघडा. न उघडण्याच्या रस्त्याला लोक हिकिकोमोरी रूट म्हणतात (हिकिकोमोरी म्हणजे स्वतःला घरात कोंडून घेणारा माणूस), तो दुसऱ्यांदा खेळायचा असतो, पहिल्यांदा तिकडे गेलात तर कथेचा गाभाच हाती लागत नाही. आणि पहिली टकटक ऐकायच्या आधीच एक वेगळी सेव्ह करून ठेवा, तिच्यावर परत कधी सेव्ह करायचं नाही, पुढे दुसऱ्या रूटला सुरुवातीपासून यायला लागणार नाही.

फारअवेमध्ये घड्याळ चालत नाही, कथा पुढे सरकवली की दिवस सरकतो. म्हणजे मेन काम करायच्या आधी पूर्ण गाव फिरा. प्रत्येक घराचं दार वाजवा, पार्कमध्ये जा, चर्चमध्ये जा, दुकानांत छोटी कामं मिळतात, पिझ्झा पोचवायचं वगैरे, ती करा, पैसे मिळतात आणि लोक ओळखीचे होतात. इथे रंग फिके आहेत, सनी हेडस्पेसमधल्या ओमोरीसारखा पराक्रमी नाहीये, त्याच्याकडे ना स्किल ना काही. आधी विचित्र वाटतं. पण दोन्ही जगांतली तीच माणसं, तीच खेळणी, तीच नावं वेगळ्या रूपात दिसायला लागली की खरी मजा सुरू होते. इथे फोनमध्ये स्क्रीनशॉट काढत चला, अगदी साध्या गोष्टींचे, घरातल्या भिंती, शेल्फ, अंगण. नंतर चाळायला भारी वाटतं.

मग रात्री येतात. रात्रीच्या भागांत सनीला त्याच्या भीतींना तोंड द्यायला लागतं, आणि फाईट असली तरी नेहमीचे नियम चालत नाहीत. त्याच्यावर भीतीची वेगळी अवस्था चढते आणि ओमोरीचं भावनांचं गणित तिथे उपयोगी नाही. नवखा माणूस घाबरून अटॅक, अटॅक, अटॅक करतो. त्याने काही होत नाही. शांत व्हायचा पर्याय येतो, तो वापरा, आधी श्वास, मग बाकीचं. समोर लिहून येतं ते वाचा आणि त्या वाक्यांच्या स्पीडने जा. मला वाटतं पूर्ण गेममध्ये सगळ्यात चांगली लिहिलेली फाईट हीच, कारण पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला त्यातून बाहेर यायला साधारण हेच करावं लागतं: भीतीला हाकलायला जायचं नाही, श्वास हळूहळू घ्यायचा आणि ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. ज्यांना स्वतःला असे अटॅक येतात त्यांनी हे भाग दिवसा, लाईट चालू ठेवून, घरात कोणी असताना खेळा. उंची, कोळी, पाण्यात बुडणं, यातली कुठली भीती तुम्हाला असेल तर आधीच सांगून ठेवतो, तिन्ही येतात.

मध्येच पोटात गोळा आला, छातीत धडधडायला लागलं, तर सेव्हचा विचार न करता बंद करा. हो, सेव्ह न करता. अर्धा तास परत खेळायला लागेल, लागू दे. उठा, पाणी प्या, बाहेर एक चक्कर मारा, कोणाशी तरी फालतू गप्पा मारा. गेमबद्दल बोललंच पाहिजे असं नाही. आणि बंद केल्यावर त्याची गाणी लूपवर लावून अंधारात पडून राहायचं नाही. अनेकांना ती सवय लागते आणि मग म्हणतात आठवडाभर उदास होतो. दुसऱ्या दिवशी पण तसंच जड जड वाटत असेल तर अजून दोन दिवस जाऊ द्या. आठवडा झाला, तरी झोप आणि जेवण जागेवर आलं नाही तर मग तो प्रश्न गेमचा राहिलेला नाही, डॉक्टरांना दाखवा.

स्पॉयलरचं काय करायचं हा मोठाच प्रॉब्लेम आहे, कारण या गेमचे फॅन भयंकर उत्साही. व्हिडिओचे थंबनेल, फॅनआर्ट, मीम, सगळीकडे शेवट पडलेला असतो. गेम संपेपर्यंत त्याचं नाव सर्च करू नका, गाणी पण ऑनलाईन ऐकू नका कारण गाण्यांखालच्या कमेंट म्हणजे डायरेक्ट कथेचा सारांश. बॉस अडकला तर गेमचं नाव आणि फक्त त्या बॉसचं नाव एवढंच टाकून शोधा, आणि व्हिडिओ नको, लिहिलेला गाईड उघडा. खरंतर अडकलात तर आधी भावनांचा कागद बघा, ९० टक्के वेळा चूक तिथेच असते. हा आकडा माझ्या मनाचा आहे, पण समजून घ्या.

शेवटचा दिवस. एक दिवस उरलाय असं दिसलं की परत एक वेगळी सेव्ह करा, कारण शेवट एकापेक्षा जास्त आहेत आणि ते शेवटच्या रात्रीच्या तुमच्या निवडींवर ठरतात. कुठला निवडायचा ते नाही सांगणार, पण एक सांगतो: त्या रात्री झोपून टाकणं हा सोपा रस्ता आहे, आणि गेमला ते माहीत आहे. उठायचं की पडून राहायचं असं काही समोर आलं तर उठा. आणि अगदी शेवटी हरलात, गेम ओव्हर दिसलं, तर चिडून बंद करू नका. नीट वाचा काय विचारतोय, मग उत्तर द्या. तो भाग सुरू करायच्या आधी हातात तीनेक तास मोकळे ठेवा, मध्येच जेवायला बोलावलं, फोन आला, असं नको. क्रेडिट्स चालू झाले की लगेच एस्केप मारू नका, शेवटपर्यंत बसा.

संपल्यावर ताबडतोब हिकिकोमोरी रूट सुरू करू नका. निदान काही आठवडे जाऊ द्या, मग दार वाजायच्या आधीची ती सेव्ह उघडा आणि या वेळी दार बंद ठेवा. तिकडे हेडस्पेसमध्ये पहिल्या वेळी न दिसलेल्या जागा आहेत, जास्तीचे बॉस आहेत, ते पहिल्या रूटपेक्षा चांगलेच दणकट आहेत, त्यामुळे चार्म, जॅम आणि खेळणी साठवून ठेवा. कथेसाठी नाही, फाईटसाठी खेळायचा तो रूट, आणि मनाने पण तो जास्त जड आहे कारण आता तुम्हाला माहीत असतं की दाराबाहेर कोण उभं आहे.

मग कोणी मित्र विचारेल कसा आहे रे गेम. त्याला गेमचा तो सुरुवातीचा इशारा वाचून दाखवा, भावनांचा कागद द्या, अल्बम नीट बघ म्हणा, आणि दार उघड म्हणा. बाकी तोंड बंद ठेवायचं.